बारा रविवारांचा रोल

दारावरचा लाल दिवा आठ वाजता लागला होता. दहा वाजून दहा मिनिटं झाली तरी तो जळतच होता.

यशोधराने पुन्हा घड्याळ पाहिलं. अंबरनाथच्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची सत्तावीस वर्षं गेली होती. कशाला किती वेळ लागतो हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जाई. अंधारात रोलचा कागद सोडवायला तीन मिनिटं, आप्पांचे हात आता थरथरतात म्हणून पाच. डेव्हलपरमध्ये अकरा. पाण्यात एक. हायपोत दहा. एकदा हायपो झालं की फिल्मला उजेडाचं भय उरत नाही. म्हणजे साडेआठला, फार तर पावणेनऊला दिवा विझायला हवा होता. आप्पांनी ओली फिल्म खिडकीसमोर उंच धरून, एक डोळा बारीक करून, "चहा टाक गं," म्हणायला हवं होतं.

चहा दोनदा टाकून झाला होता. दोन्ही वेळा तो विठा आत्याने प्यायला होता.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं हे घर म्हणजे पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्या आणि दोहोंच्या मधल्या बोळात डार्करूम. स्टुडिओचं शटर सात वर्षांपूर्वी कायमचं खाली आलं. डार्करूम मात्र आप्पांनी सोडली नाही. अंगणात काल संध्याकाळी मांडव पडला होता. आज आईला जाऊन वर्ष झालं. अकरा वाजता भन्तेजी यायचे होते. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडून झाली होती. त्यांच्या पुढे फोटोपुरती जागा रिकामी होती.

त्या जागेवरूनच आठवडाभर घरात धुसफुस चालली होती. आजारात आईने कुणाला मोबाईलवर फोटो काढू दिला नव्हता. "हे तोंड कशाला ठेवता रे?" म्हणायची. आप्पांना मात्र तिने नाही म्हटलं नाही. पंधरा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि उगाच चष्मा पुसायला घेतला, त्या आठवड्यापासून दर रविवारी आप्पा आपला दोन भिंगांचा जुना यशिका कॅमेरा तिपाईवर चढवत आणि तिचा एक फोटो घेत. एकच. रोलमध्ये बारा फोटो बसतात. बारा रविवार झाले, रोल संपला, आणि पुढच्या गुरुवारी आई गेली. तिची अट एवढीच होती, की वर्ष होईपर्यंत हा रोल धुवायचा नाही. आप्पांनी तो फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवला होता. आज सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तो रोल घेऊन ते आत गेले होते.

"यशे, बस की जरा खाली," आत्या म्हणाली. ती डार्करूमच्या दारासमोरच खुर्ची टाकून बसली होती, राखणीला बसावं तशी. "तू अशी येरझारा घातलीस तर माझंच डोकं गरगरायला लागतं."

"आत्या, दोन तास झाले."

"झाले तर झाले. बायलेचं तोंड बघायला गेलाय तो. घाई कसली?"

आत्या आप्पांहून चार वर्षांनी मोठी, ब्याऐंशीची. स्टुडिओच्या पहिल्या दिवसांत फोटो पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालायचं काम तिचं असे. या दाराचे नियम तिला आप्पांइतकेच पाठ होते. लाल दिवा लागला की दाराला हात लावायचा नाही, हे या घरातल्या पोरांना अ-आ-इ-ईच्या आधी कळायचं. आणि हाकही मारायची नाही. आप्पा आत घड्याळ नेत नसत, मनातल्या मनात आकडे मोजत. मोजणी चालू असताना ते ओ देत नसत. एकदा समोरच्या फर्निचरच्या दुकानाला आग लागली, सगळी गल्ली "आग, आग" करत ओरडली, तेव्हाही त्यांनी सहाशे साठ पुरे केले आणि मगच बादली उचलली.

त्यामुळे बंद दारामागच्या शांततेचा अर्थ या घरात कुणालाच लावता येत नसे. इतकी वर्षं ती शांतता म्हणजे काम चालू आहे, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं. आज पहिल्यांदाच यशोधराला त्या शांततेची भीती वाटत होती, आणि का वाटते हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ती धरून होती.

मिलिंददादा कात्रपच्या त्याच्या घरून आला तो हातात खाकी कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन. मागून प्रीतीवहिनी, फुलांची पिशवी सांभाळत.

"आप्पा कुठायत?" चपला काढतानाच त्याने विचारलं आणि दिव्याकडे नजर जाताच थांबला. "अजून आत?"

"आठपासून," यशोधरा म्हणाली.

"जयभीम, आत्या," प्रीती वाकली. "फोटो आणलाय आम्ही. म्हटलं, असू दे हाताशी. आप्पांचा नाहीच झाला वेळेवर तर."

आत्याने फ्रेमवरचा कागद सारला आणि बराच वेळ पाहत राहिली. मिलिंदच्या मुलीच्या वाढदिवसाचा मोबाईलवरचा फोटो मोठा केलेला होता. दुकानदाराने आईच्या गालावरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, कपाळ गुळगुळीत केलं होतं.

"ही कोण, द्रौपदी?" आत्या म्हणाली. "मला वाटलं, साबणाच्या जाहिरातीतली कुणी आहे."

"आत्या, आता तुम्ही पण..." प्रीतीचा चेहरा पडला.

"तुला नाही गं बोलत. दुकानवाल्याला बोलतेय. आमच्या द्रौपदीच्या कपाळावर चार रेघा होत्या, त्या त्याने कुणाला विचारून पुसल्या?"

मिलिंदचं लक्ष तिकडे नव्हतं. तो दारापाशी गेला होता. त्याने हात उचलला, आणि त्याचा हात तसाच थांबला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, वीज मंडळात हाताखाली तीस माणसं. पण त्या दारासमोर तो पुन्हा नऊ वर्षांचा झाला.

"मार की थाप," आत्या मागून म्हणाली. "एकदा उघडलंस तेवढं पुरलं नाही?"

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. वांगणीकडच्या एका लग्नाचे चार रोल आप्पा धूत होते आणि मिलिंदने आत राहिलेला चेंडू काढायला दार उघडलं. चारही रोल काळे. आप्पा लग्नघरी गेले, पाया पडले. शेवटी पंधरा दिवसांनी नवरानवरीला पुन्हा हळद लावून, पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं केलं. वऱ्हाडी म्हणून गल्लीतली माणसं गोळा केली. त्या अल्बममध्ये नवरीची आई म्हणून आत्याच बसली आहे.

"अजून तो नवरदेव मला सासूबाई म्हणतो, भेटला की," आत्या म्हणाली.

प्रीतीला हसू आलं. एरवी यशोधरालाही आलं असतं. तिने दाराला कान लावला. जुनं सागवानी दार, कडांना उजेड शिरू नये म्हणून ठोकलेली काळ्या बनातीची पट्टी. आतून आवाज येत नव्हता. नळाचा नाही, पाण्याचा नाही, हवा ओढणाऱ्या पंख्याचाही नाही. हाताने फिल्म खालीवर करताना ट्रेच्या काठावर पाणी चळचळतं, तो आवाज तिला लहानपणापासून माहीत होता. तोही नव्हता.

"आप्पा," तिने हाक मारली.

आत्या खुर्चीतून अर्धी उठली. "यशे!"

"आप्पा, ठीक आहात ना?"

काही नाही. आणि मग आत काहीतरी धातूचं फरशीवर आदळलं. मग्गा असावा. तो गोल गोल फिरत गेला, भिंतीला लागला आणि थांबला. त्याच्यामागून शिवी नाही, खोकला नाही, पाऊल नाही.

बोळात चौघंही तशीच उभी राहिली.

"पडले," मिलिंद म्हणाला.

"मग्गा पडला," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज आता तितका पक्का नव्हता. "अंधारात हात लागतो कधी कधी."

यशोधरा दारापासून मागे सरली. सांगायला हवं होतं. एक महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं.

"दादा," ती म्हणाली, "आप्पा गेल्या महिन्यात दोनदा पडलेत. एकदा मोरीत, एकदा शिवमंदिराजवळ रस्त्यात. चक्कर नव्हती ती. शुद्ध गेली होती. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. हृदयाचे ठोके मध्येच थांबतात म्हणाले. पेसमेकर बसवायचाय. लगेच."

मिलिंद दारापासून तिच्याकडे वळला. "कधी नेलंस?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! आणि मला आज सांगतेस? इथे, दारात?"

"त्यांनी शपथ घातली. वर्षाचा कार्यक्रम झाला की बसवतो म्हणाले. तुला कळलं असतं तर तू त्यांना कात्रपला नेलं असतंस आणि डार्करूमला कुलूप..."

"लावलंच असतं! ऐंशीला आलेला माणूस कोंदट खोलीत आतून कडी लावून बसतो, आणि तू, सायन्सवाली, तू त्याला बसू देतेस?" त्याचा आवाज मांडवापर्यंत गेला. बाहेर खुर्च्या लावणारी दोन माणसं थांबून पाहायला लागली. "मी डार्करूमचा वैरी, नाही का? लहानपणापासून मीच. आणि तू लाडकी. लाडकीने बापाला मारायचं ठरवलं होतं काय?"

"अहो," प्रीतीने त्याचा दंड धरला. "नंतर बोला. आधी दार."

"मिल्या, पोरीला बोलू नको," आत्या म्हणाली आणि मग खाली मान घालून पुढे म्हणाली, "मलापण ठाऊक होतं. मंदिरापाशी पडला तेव्हा मी बरोबर होते."

मिलिंदने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात ओसरला, आणि त्या जागी जे आलं ते पाहणं यशोधराला रागाहून जड गेलं.

तो वळला आणि त्याने दारावर खांदा मारला. दार हललं नाही. आतली कडी लोखंडी, हातभर लांब. ती आप्पांनी त्या चार रोलांनंतर स्वतः बसवून घेतली होती.

"असं नाही तुटणार," प्रीती म्हणाली. "शेजारचा भगवंत सुतार आहे ना दुकानात? मी बोलावते." आणि ती धावत गेली.

"थांबा," आत्या म्हणाली. "दार काढायचंय तर काढा. पण आधी घरात अंधार करा. चादरी लावा, सतरंज्या लावा. मांडवाचं कापड आहे. पाच मिनिटांचं काम. अंधार असला की दार उघडलं काय न् नाही काय. फिल्म वाचेल."

"आत्या, माणूस पडलाय आत!"

"मिल्या, मी पुरात सगळं घालवून बसलेय," आत्याचा आवाज चिरका झाला. "मांजर्लीच्या घरात पाणी शिरलं तेव्हा माझ्या नवऱ्याचा एक फोटो उरला नाही. चिखल, नुसता चिखल. बबननं, तुझ्या बापानं, निगेटिव्ह शोधून त्याचं तोंड मला परत काढून दिलं. फिल्म गेली की माणूस दुसऱ्यांदा जातो, ते तुला नाही कळायचं. द्रौपदीचं त्या रोलशिवाय आहे काय आपल्याकडे? तो साबणवाला फोटो?"

दोघांनीही यशोधराकडे पाहिलं. लहानपणापासून असंच होत आलं होतं; भांडण टोकाला गेलं की दोन्ही बाजू तिच्याकडे वळत, जणू तिच्याजवळ तराजू होता.

"लावू या चादरी," ती म्हणाली. "दार काढेपर्यंत जेवढा होईल तेवढा अंधार. पण दार काढून झालं की थांबायचं नाही."

मग सगळे कामाला लागले. आत्याने कपाटातल्या चादरी ओढल्या, मिलिंदने स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या खिडकीला सतरंजी ठोकली. मांडवातल्या माणसांनी पुढच्या दाराला कापड गुंडाळलं. त्यातल्या एकाने विचारलं, "काय झालंय? बॉडी बिडी आहे का आत?" आणि प्रीतीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. भगवंत पटाशी आणि पेचकस घेऊन बिजागऱ्यांशी उकिडवा बसला.

"ताई, इसपर चार कोट पेंट मारेला है," तो म्हणाला. "स्क्रूच दिसत नाय. खरवडायला लागंल."

"खरवड. लवकर."

पटाशीचा कर्रकर्र आवाज सुरू झाला. यशोधरा त्याच्या डोक्यावर मोबाईलचा उजेड धरून उभी होती आणि मनात एकच विचार पुन्हा पुन्हा तपासत होती, एखाद्या चाचणीचा निकाल पटत नसला की तपासावा तसा. रोल आप्पांनी उघडलाच नसेल, तर तो अजून कागदात गुंडाळलेला आहे, उजेडाने त्याला काही होत नाही. सकाळी आठलाच उघडला असेल आणि मग ते पडले असतील, तर फिल्म एव्हाना हायपोत तरी असेल किंवा डेव्हलपरमध्ये पडून काळीठिक्कर झाली असेल. त्यातही उजेड काही बिघडवू शकत नाही.

"एकाच गोष्टीत नुकसान आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"काय?" प्रीतीने विचारलं.

"आत्ता, या मिनिटाला, आप्पा फिल्म हातात धरून उभे असतील, तरच ती खराब होईल."

प्रीतीला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे फिल्म खराब झाली, तर..."

"तर आप्पा उभे आहेत."

आत्याने हातातली चादर खाली केली. तिने ऐकलं होतं. ती चादर तिने पुढे कुठल्याच खिडकीला लावली नाही.

वरच्या बिजागरीचे चार स्क्रू निघाले. खालच्या बिजागरीचे दोन. तिसरा अडला. बोळात आता जवळजवळ अंधार झाला होता; छताजवळच्या झरोक्यातून तेवढी एक पांढुरकी पट्टी आत येत होती. मिलिंद स्टूल घेऊन तिथे निघाला.

"झरोका झाकायला दोन मिनिटं लागतील," तो म्हणाला. "काय करू?"

भगवंत म्हणाला, "निघाला, ताई. धरा दार. उघडू?"

दोन मिनिटं. ठोके थांबलेल्या माणसाचा मेंदू जायला चार मिनिटं पुरतात, हे तिला माहीत होतं. मग्गा पडून अकरा मिनिटं झाली होती. त्यात दोनची भर पडून काय फरक पडणार, असा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि त्या विचाराचीच तिला इतकी भीती वाटली की तिने मोबाईल विझवला आणि स्वतःच दाराला हात घातला.

"उघड!"

दार बिजागरीच्या बाजूने तिरकं बाहेर आलं. झरोक्यातली पट्टी तिच्या खांद्यावरून आत गेली.

आप्पा उभे होते.

भिंतीला पाठ टेकवून, पाय फाकवून, पांढरा सदरा पोटापर्यंत भिजलेला. दोन्ही हात छातीसमोर. हातांत ओल्या फिल्मची लांब झोळी, एक हात वर तर एक खाली, आणि तिचा खालचा घेर ट्रेमधल्या डेव्हलपरमधून सरकत होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. हात थांबले नाहीत. ओठही थांबले नाहीत.

"चारशे बारा," आप्पा म्हणाले. "चारशे तेरा."

यशोधराच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, तिला कळलं नाही. पण डोकं चालू होतं. फिल्मवर उजेड पडला, तरी डेव्हलपरमध्ये राहिली तरच तो उजेड काळा होणार. आत्ता बाहेर काढली तर जे आजवर उमटलं ते उरेल.

"आप्पा, हायपोत! आत्ताच्या आत्ता हायपोत टाका!"

ते तिच्याकडे पाहत राहिले. आयुष्यात कुणी त्यांना मोजणी पुरी व्हायच्या आत फिल्म काढायला सांगितलं नव्हतं.

"आप्पा, ऐका माझं!"

त्यांचे ओठ थांबले. त्यांनी फिल्म उचलली, डावीकडच्या हायपोच्या ट्रेत सोडली आणि वरून तळव्याने दाबली. तोवर यशोधरा आत शिरली होती. मागून मिलिंदने दार उचलून पुन्हा चौकटीत लोटलं आणि बाहेरून खांदा लावून धरलं. अंधार झाला.

"किती वेळ उघडं होतं?" आप्पांचा आवाज अंधारातून आला.

"थोडाच."

"थोडाच म्हणजे? दोन सेकंद की चार?"

"पाच असतील. पण उजेड कमी होता."

हायपोचा आंबट वास नाकात चढत होता. आप्पांचा श्वास ऐकू येत होता. वर चढताना अडखळायचा, उतरताना शीळ घालायचा.

"दोन तास काय करत होतात, आप्पा?"

"खाली बसलो होतो."

"पडला होतात."

"बसलो होतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आधी पडलो. मग बसलो. उठता येईना. तुमचं सगळं ऐकत होतो, साबणवालं पण."

"मग हाक का नाही मारलीत? एक हाक!"

"हाक मारली असती तर उचलून नेलं असतंत. रोल राहिला असता. मग तो कुणी धुतला असता?" ते दम खायला थांबले. "मग ओट्याला धरून उठायला बघितलं, तेव्हा मग्गा पडला."

तिने अंधारात चाचपडून त्यांचं मनगट धरलं. थंड आणि ओलं. नाडीवर बोटं ठेवली आणि त्यांच्यासारखीच मनात सेकंद मोजायला लागली. साठ झाले तेव्हा ठोके एकतीस झाले होते. पुन्हा मोजायचा धीर तिला झाला नाही.

"आप्पा, चला. गाडी बाहेर आहे."

"हायपो दहा मिनिटं. हलवत राहायला लागतं, नाहीतर डाग पडतात."

"पडू देत."

"यशोधरा." एवढंच.

फळीवर रिकामे ट्रे कुठे असतात ते तिला माहीत होतं. एक काढला, हायपोच्या ट्रेवर पालथा घातला, त्यावर काळं कापड टाकलं आणि चारही कडा खाली खोचल्या.

"दादा, उघड!" तिने हाक दिली. "आप्पांना धर."

मिलिंदने दार बाजूला केलं आणि आत आला. आप्पांना त्याने एका हाताने पाठीखालून, दुसऱ्याने गुडघ्यांखालून उचललं, लहान मूल उचलावं तसं. आप्पा नको म्हणाले नाहीत. त्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"मी इथेच आहे," आत्या ट्रेसमोर येऊन उभी राहिली. "भन्तेजी आले तर त्यांनाही सांगते, कापडाला हात लावायचा नाही म्हणून. जा तुम्ही. प्रीती, तू पुढे बस. जा गं, उभी काय राहिलीस!"

गाडी गल्लीतून बाहेर पडायलाच वेळ लागला. पुढे टेम्पोत सोफे चढवत होते. मिलिंदने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. प्रीती फोनवर हॉस्पिटलला काय काय सांगत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पल्स तीस, हो, तीस. मागच्या सीटवर आप्पांचं डोकं यशोधराच्या खांद्यावर होतं. सदऱ्याचा ओलावा तिच्या साडीत उतरत होता. मनगट तिने सोडलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "मी सांगायला हवं होतं."

मिलिंदने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "ठोके मोज," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "नाहीतरी तुझंच ऐकतात ते."

आप्पांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले की काय म्हणून तिने त्यांचा हात दाबला.

"काही दिसलं का गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दार उघडलं तेव्हा. उजेड पडला ना फिल्मवर. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुला काही दिसलं?"

खरं म्हणजे दिसलं होतं. एवढ्या गोंधळात ती ते विसरू पाहत होती. दुधाळ, अपारदर्शक फिल्म, तिच्यावर करडे डाग, आणि आप्पांच्या अंगठ्याच्या खालच्या चौकटीत आईची आकृती. निगेटिव्हमध्ये असते तशी, उलट्या रंगांची. तोंड काळं, केस पांढरे, आणि तोंडासमोर एक काळा हात.

"एकच दिसला," ती म्हणाली. "आईने हात वर केला होता. तळवा पुढे. टाटा करतात तसा."

गाडी रुळांवरच्या पुलावर चढली.

"नववा रविवार," आप्पा म्हणाले. "टाटा नाही करत. नको म्हणत होती. थांबा म्हणत होती मला." त्यांचा श्वास अडखळला. "तरी मी बटण दाबलं. आणि पुढचे तीन रविवार पण घेतले. तेव्हा तिच्यात हात उचलायची ताकद नव्हती."

पुढच्या सीटवर प्रीती फोनवर बोलायची थांबली होती.

"म्हणून दोन तास लागले. रोल सोडवायला हात धजेना," आप्पा म्हणाले. "पडलो ते नंतर."

तिच्या बोटांखाली एक ठोका आला. ती पुढच्याची वाट पाहत राहिली. आरशातून मिलिंद तिच्या तोंडाकडे पाहत होता. पुलाचा उतार लागला, गाडी उसळली, आणि ती अजून वाट पाहत होती. मग तो आला. तिने मान हलवली आणि मिलिंदने पुन्हा हॉर्न दाबला.